धडा चौथा : बसथांब्यावर दोन अनोळखी

नववी ब. सकाळची शाळा, पंखा आहे, लाइट नाही.
पुस्तकात लंडनचा बसथांबा,
एका हातात छत्री, एका डोक्यावर टोपी.
एक म्हणतो, आज छान हवा आहे, नाही का?
दुसरा म्हणतो, हो ना, काल मात्र गारठा होता.
मग बस येते.
धडा संपतो.

कांचन उईके उभी राहिली,
"सर, त्या दुसऱ्याले दिसत नव्हतं काय आभाय?"
वर्ग हसला. मीही हसलो.
तिनं मात्र खरंच विचारलं होतं.

म्हणालो, तिकडचं आभाळ दिवसातून चारदा फिरतं,
म्हणून सांगावं लागतं.
आपलं ऊन एकदा मार्चात चढलं
की जूनपर्यंत खाली उतरायचं नाव घेत नाही,
आपण कोणाला काय सांगणार?

"तरी सांगतेत ना सर," मागच्या बाकावरून गजू कुमरे,
"माहा आजा रोज सांगते,
आज तं लईच तपून राह्यलं बाप्पा.
रोज. आज तं.
जसं काल तपलंच नव्हतं."

मग खडू ठेवला आणि सांगितलं,
दुसऱ्याच्या अंगणात पाय टाकण्याआधी
आपण खाकरतो की नाही?
आत कोणी केस विंचरत असेल,
कोणी हापशीचं पाणी घेऊन उघड्यानं नहात असेल.
घसा काही बिघडलेला नसतो.
तसं आहे ते. इंग्रज हवेवर बोलतो
म्हणजे अंगणाबाहेर खाकरतो.

घंटा झाली. कोणी काही लिहून घेतलं नाही.

पुढचं मी त्यांना सांगितलं नाही.
सहा वर्षांपूर्वी याच गावात खोली शोधत फिरलो
तेव्हा कोणी खाकरलं नाही.
सगळे चपलांसकट थेट माजघरात :
गाव कोणतं? नाही, मूळ?
सर म्हणजे कोणते सर?
आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्नच यायचा नाही.
रिकाम्या खोलीत तुरीचं कुटार निघायचं,
नागपूरचा भाऊ अचानक राहायला येणार असायचा.
एका घरी चहा आला होता.
आडनावाच्या आधी आला, म्हणून पिऊन झाला.

चक्कीवाले गुलाबभाई तेवढे वेगळे.
दोन्ही हात पिठाचे, किल्ली दातात धरून म्हणाले,
"टिनं हायेत सर. उन्हाळ्यात लय तपतेत. चालन का?"
बस, एवढंच विचारलं त्यांनी.
अजून तिथंच राहतो. तपतातच टिनं.

आज शाळा सुटल्यावर फाट्यावर,
घाटंजीच्या गाडीची वाट बघत,
निंबाच्या अर्ध्या सावलीत एक म्हातारा.
डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा.
"मास्तर का?"
हो.
"कोणते म्हणायचे तुम्ही?"

मी वर पाहिलं.
तीस वर्षं शिकवतोय, कधी वापरलं नव्हतं.
म्हणालो, काल चव्वेचाळीस गेलं म्हणतात.

त्यानंही वर पाहिलं. बराच वेळ,
जशी त्याची एखादी शेळी तिकडे चुकली असावी.
"चव्वेचाळीस यवतमाळचं असन," तो म्हणाला,
"आपलं शेहेचाळीसच्या खाली नाही."

आपलं, म्हणाला.

आणि सरकला,
हातभर सावली मोकळी झाली, मी बसलो.
समोरच्या वावरात वखरून टाकलेली काळी ढेकळं,
एक होला ढेकळाच्या सावलीत चोच उघडून.
आम्ही दोघं त्या होल्याकडे बघत राहिलो.
काही बोलायची गरज नव्हती, किंवा होती,
मला ते नेमकं कळत नाही.

मग तो खाकरला.

दूर रस्त्यावर काहीतरी हललं.
गाडी होती, की नुसता फुफाटा,
अजून दिसत नव्हतं.